नाकाचा निवाडा

बुधवार, २१ जानेवारी

सूनबाईंनी काल संध्याकाळी सर्व नातलगांना मोबाइलवर जो वृत्तान्त पाठवला, त्यात सहा चुका आहेत. पैकी दोन लेखनाच्या. ‘तब्बेत’ असा शब्द मराठीत नाही. आणि ‘हॉस्पिटल मध्ये’ यातील ‘मध्ये’ शब्दाला जोडून लिहायचे असते, त्याला वेगळी खोली द्यायची नसते. परंतु मुलगी रुग्णालयाच्या बाकावर बसून अंगठ्याने लिहीत होती. त्या दोन सोडतो. उरलेल्या चार तथ्याच्या आहेत. त्या येथे दुरुस्त करून ठेवतो. पुढेमागे कोणी विचारील.

कोंबडी रविवारी भाजलेली नव्हती. सुट्टीचे मोठे जेवण शनिवारी, १७ तारखेस, चिरंजीवांच्या घरी झाले आणि कोंबडी त्याच दुपारी भाजली. म्हणजे सोमवारी आमच्या टेबलावर आली तेव्हा ती दोन दिवसांची होती.

मी केलेला पदार्थ ‘सॅलड’ नव्हे. तिळाच्या वाटणातल्या थंड नूडल्स. सुट्टीनंतर उरलेसुरले पूर्वेकडच्या पद्धतीने संपवण्याचे काम गेली सदतीस वर्षे माझ्याकडे आहे. कोबी या दिवसांत घट्ट आणि गोड मिळतो. तो केसासारखा चिरायचा, मीठ लावून दडपून ठेवायचा, पाणी पिळून काढायचे. गाजर आणि मुळा यांच्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या काड्या. कोंबडीचे हाताने तंतू काढायचे. तीळ भाजून कुटायचे, त्यात सोया सॉस, तांदळाचे व्हिनेगर, आल्याचा रस, चिमूटभर साखर. उकडून गार केलेल्या नूडल्सवर हे सर्व. यातल्या कशालाही पुन्हा आच लागत नाही. हे महत्त्वाचे आहे. डॉक्टरांनाही तेच महत्त्वाचे वाटले.

भिंगरी ‘खूप रडली’ असे लिहिले आहे. माझी नात सहा वर्षांची आहे आणि ती रडली नाही. आजीने तिच्यापुढची वाटी ओढून घेतली आणि ‘हिला अंडं करून दे गं, हे झोंबेल तिला’ असे म्हटले, तेव्हा ती रुसली. रडणे वेगळे, रुसणे वेगळे.

हिने दोन वाट्या खाल्ल्या, हेही चूक. तीन खाल्ल्या. स्वतःची, भिंगरीची आणि सूनबाईंची. सूनबाई अंडे तळायला उठल्या होत्या, म्हणून त्यांना दिसले नाही. मला दिसले. बायकोला एवढी भूक लागलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि मला, लिहूनच टाकतो, अभिमान वाटला.

मंगळवारी पहाटे उलट्या सुरू झाल्या. दुपारी रुग्णवाहिका. आता अतिदक्षता विभाग. भेटीची वेळ सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. आज संध्याकाळी तिने डोळे उघडले नाहीत. हात गरम होता. हात इतका गरम असू नये.

गुरुवार, २२ जानेवारी

पाचवी दुरुस्ती काल लिहिली नाही. हात थांबला.

सूनबाईंनी लिहिले आहे: ‘डबा माझ्याकडून रविवारी रात्री बाहेर राहिला, चूक माझीच.’ डबा राहिला, हे खरे. परंतु सोमवारी साडेअकराला तो डबा माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या होत्या, ‘बाबा, हा रात्रभर ओट्यावर होता हो. नीट बघा बरं.’ मी झाकण उघडले. नाकापाशी नेले. म्हणालो, ‘चालेल.’

हे वाक्य त्यांच्या वृत्तान्तात नाही.

आमच्या घरी डब्यांवर तारखा लिहिण्याची पद्धत नाही, कारण माझे नाक आहे. मी वास घेतो आणि दोहोंपैकी एक शब्द उच्चारतो: ‘चालेल’ किंवा ‘टाका’. त्यावर अपील नाही. ‘टाका’ म्हटलेले ठेवायचे नाही आणि ‘चालेल’ म्हटलेले टाकायचे नाही. चिरंजीव लहानपणी याला सर्वोच्च नाकालय म्हणत. ही हसे आणि म्हणे, ‘तुझ्या बाबांचं नाक मेल्यावर दान करायला हवं.’

आज डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘आजोबा, डब्याला वास होता का? आंबूस, वेगळा, काही?’

मी म्हणालो, ‘मला काही वास आला नाही.’

निर्दोष वाक्य. शब्द न् शब्द खरा. आणि याहून मोठे खोटे मी जन्मात बोललो नाही. मला २ नोव्हेंबरपासून कशाचाच वास येत नाही. त्या दिवशी दूध करपले; पातेल्याचा कोळसा होईपर्यंत मी दोन हातांवर वर्तमानपत्र वाचत उभा होतो. ही धावत आली. मी म्हणालो, वाचनात गढलो होतो.

ऑक्टोबरातल्या पडशाबरोबर ते गेले असावे. येईल परत, असे म्हणत राहिलो. कोणाला सांगितले नाही. निवाडे चालूच ठेवले: रंग पाहायचा, झाकणाखालचे पाणी पाहायचे, बोटाला बुळबुळ लागते का पाहायचे, आणि मग नाकाचा अभिनय. एकही निवाडा चुकला नाही. तेव्हापासून ‘टाका’ म्हणण्याची वेळसुद्धा एकदाही आली नव्हती. मला वाटू लागले होते की नाकावाचूनही भागते.

सोमवारी ही न्हाणीघरात भिंगरीचे केस धूत होती. नाही तर तिलाच विचारले असते, असे आज स्वतःला सांगून पाहिले. विचारले नसते.

शुक्रवार, २३ जानेवारी

चिरंजीवांचे पोट दोन दिवस बिघडले होते, आज बरे. माझ्याही पोटात कळा येऊन गेल्या. कोणाला बोललो नाही. एका वाटीला एवढे, तर तीन वाट्यांना, बाहत्तराव्या वर्षी, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना किती? डॉक्टरीणबाईंनी हेच गणित वेगळ्या शब्दांत सांगितले. संसर्ग रक्तात गेला आहे. मूत्रपिंडे मंदावली आहेत.

पलंगाला लघवीची पिशवी लटकवलेली असते. तिच्यावर आकडे असतात. मी आता आत शिरल्यावर आधी ती पाहतो, मग हिचा चेहरा. चोवीस तासांत नव्वद मिलिलिटर. आपल्या चहाच्या कपाहून कमी.

दुपारी मेहुण्यांचा फोन. हिचे धाकटे बंधू; आवाज नेहमी भरसभेतला.

‘भाऊजी, अहो एक डबा फ्रिजमध्ये ठेवायला काय हत्ती लागतो का? आजकालच्या मुलींना फोन चार्जिंगला लावायचा आठवतो बरोबर.’

सूनबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना ऐकू जात होते. फोन असा की शेजारच्या बाकालाही ऐकू जावा. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला.

मी ‘हं’ म्हणालो. एवढेच.

‘हं’ हे केवलप्रयोगी अव्यय आहे. संमतिदर्शक.

शनिवार, २४ जानेवारी

चाळीस मिलिलिटर.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी हिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘गाडी आली का?’ कोणती गाडी, ते सांगेना. परिचारिका म्हणाली, तापात होते असे. मी म्हणालो, ‘येतेय.’ तिने मान हलवली. मला तिने ओळखले की नाही, ते ठरवता आले नाही.

उद्यापर्यंत सुधारणा नसेल तर डायलिसिस.

दुपारी चिरंजीवांनी मला घरी आणून सोडले. म्हणाले, दोन तास पडा. पडलो नाही. स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच उभा राहिलो. शेगडीचे बटण आडवे आहे की उभे, हे मला दारातून दिसेना. वायू गळत असेल तर? घर भरले असेल तर? मी त्यातच उभा असेन आणि मला कळणार नाही. श्वास रोखून आत गेलो, खिडकी उघडली, बटण पाहिले. बंद होते. बाहेर आलो. परत गेलो. पुन्हा पाहिले. चार वेळा. चौथ्या खेपेस बटणावर हात ठेवून मोठ्याने म्हणालो, ‘बंद आहे.’ म्हाताऱ्याचा आवाज होता. माझाच.

मग फ्रिज उघडला. अकरा डबे. वाटाणे, उकडलेला भोपळा, शनिवारचा भात, मुळ्याचा पाला, कोबीचा अर्धा गड्डा, कसलासा रस्सा. हे डबे मी वर्षानुवर्षे ओळखीच्या माणसांसारखे पाहिले आहेत. आज एकेक झाकण म्हणजे अनोळखी दार वाटले. कोणाच्या आत काय आहे, मला कळायला मार्ग नाही. एकही उघडला नाही. बिस्किटे खाल्ली, पाण्यात बुडवून.

एक जुनी गोष्ट सारखी आठवते. मी मुद्रितशोधक होतो. सदतीस वर्षांपूर्वी एका आचाऱ्याचे पाकपुस्तक तपासायला आले. तो माणूस तरुणपणी पूर्वेकडच्या बंदरांतून हॉटेलांत कामे करून आलेला. कच्ची मुद्रिते वाचता वाचता मीच स्वयंपाक शिकलो. त्याच्या मजकुरात दर पानावर एक वाक्य होते: ‘आधी वास घ्या.’ तीळ भाजताना, आदल्या दिवशीचा भात मोकळा करताना, उरलेले मांस घेताना. आधी वास घ्या. मी ते पुनरुक्ती म्हणून चौदा ठिकाणी गाळले. तो कार्यालयात आला, टोपी हातात धरून म्हणाला, ‘साहेब, ते वाक्य राहू द्या ना. लोक विसरतात.’ मी त्याला पुनरुक्तिदोष समजावून सांगितला. बरीच उदाहरणे दिली.

सोमवार, २६ जानेवारी

डायलिसिसच्या कागदावर चिरंजीवांनी सही केली. मला करायची होती. पेन उघडून त्यांच्याकडे दिले.

ती गेली तर सूनबाई जन्मभर म्हणतील, मी डबा विसरले. मेहुणे जन्मभर म्हणतील. भिंगरी मोठी झाली की तिलाही कोणीतरी सांगेल. आणि मी तेथेच बसलेला असेन, शुद्ध मराठीत गप्प.

भीती कोणती मोठी, हे आज ठरवू पाहिले: ती जाण्याची, की ती न जाता सगळे उघड होण्याची? दुसरी भीती उरलीच आहे, हे पाहून स्वतःची किळस आली.

मंगळवार, २७ जानेवारी

सांगितले.

चहाच्या यंत्रापाशी, कागदी पेले हातात असताना. जागा मी निवडली नव्हती. सूनबाई स्वतःच म्हणाल्या, ‘बाबा, मला रोज तो ओटा दिसतो. डबा उजवीकडे होता. मी दिवा बंद करताना बघितलासुद्धा. म्हटलं, सकाळी ठेवू.’

मी विचारले, ‘त्या सोमवारी तू मला सांगितलं होतंस की रात्रभर बाहेर होता म्हणून?’

‘हो.’

‘मग मी काय म्हणालो?’

त्या पेल्याकडे पाहू लागल्या. ‘चालेल म्हणालात.’

‘ते तू लिहिलं नाहीस.’

‘कसं लिहिणार? तुमची कधी नव्हे ती एक चूक झाली. सगळ्यांत ते कशाला? आधीच तुमचा चेहरा बघवत नाही.’

‘चूक नव्हे,’ मी म्हणालो. ‘मला वास येत नाही. दोन नोव्हेंबरपासून. अजिबात नाही.’

यंत्राने कोणाच्या तरी पेल्यात दूध सोडले. मग त्यांनी जे विचारले त्याची मी तयारी केली नव्हती.

‘मग गॅस?’

मी पेला दुसऱ्या हातात घेतला.

‘भिंगरी तुमच्याकडे तीन दुपारी एकटी होती, बाबा. आई बाजारात गेल्या होत्या तेव्हा. तुम्ही तिला दूध तापवून दिलंत.’ आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. ‘आणि त्या सोमवारी ती वाटी तिच्यापुढे होती. चमचा उचलला होता तिने. आईंनी ओढली नसती तर—’ त्या पुढे बोलल्या नाहीत. पेला तसाच भरलेला यंत्रावर ठेवला आणि निघून गेल्या. अर्ध्या तासाने चिरंजीव आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांनी फक्त माझ्या हातातला गार चहा काढून घेतला.

डायलिसिस झाले. रक्तदाब एकदा फार खाली गेला. मग वर आला. परिचारिका म्हणाली, ‘आजी चिवट आहेत.’ ती उलटपावली परत येऊन काही वेगळे सांगेल, असे मला बराच वेळ वाटत राहिले.

बुधवार, २८ जानेवारी

सकाळी सर्व नातलगांना मजकूर पाठवला. सात वेळा लिहिला. सातही वेळा भाषा सुधारत होतो आणि मजकूर टाळत होतो. शेवटी पाठवला तो असा: ‘सूनबाईंनी डबा बाहेर राहिल्याचे मला स्पष्ट सांगितले होते. तो खाण्याजोगा आहे असे मी सांगितले. मला तीन महिन्यांपासून वास येत नाही आणि ही गोष्ट मी लपवली. दोष माझा आहे.’

डॉक्टरीणबाईंनाही सांगितले. त्यांनी लिहून घेतले आणि म्हणाल्या, ‘आजोबा, हे पहिल्या दिवशी सांगायचं. आणि तुमचं नाकही तपासून घ्यायचं. उद्या वेळ देते.’ कान धरून उभे केल्यासारखे वाटले. बरे वाटले, असे लिहिणे चूक ठरेल. पण श्वास पुरा आत गेला.

मेहुण्यांचा फोन. ‘वाचलं, भाऊजी. शुद्धलेखन एकदम चोख आहे हो.’ आणि ठेवून दिला. तासाभराने त्यांनी सूनबाईंनाही फोन केला, असे चिरंजीवांकडून कळले. काय बोलले ते विचारले नाही.

पिशवीत तीनशे दहा. तीनदा वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

गुरुवार, २९ जानेवारी

ताप उतरला. सकाळी हिने मला हाक मारली, ‘अहो.’ नंतर म्हणाली, ‘दाढी किती वाढवलीत.’ गाडीचा विषय नाही.

दुपारपासून थोडे पातळ अन्न द्यायला परवानगी. काय खाशील, असे विचारल्यावर म्हणाली, ‘तुमच्या त्या आचाऱ्याची आल्याची पेज.’ सूनबाई पलंगाच्या पलीकडे उभ्या होत्या. मंगळवारपासून आमच्यात शब्द नव्हता. मी म्हणालो, ‘मी नाही करणार आता.’

‘पातेलं तुम्ही ठेवा,’ सूनबाई म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, पण म्हणाल्या. ‘गॅस मी लावते.’

घरी गेलो. तांदूळ नवा, पाकीट माझ्यासमोर फोडले. मूठभर तांदळाला दहा वाट्या पाणी, मंद आच, तासभर ढवळणे. एक कोवळे गाजर किसून. आल्याच्या चकत्या, शेवटी चार थेंब सोया सॉस आणि पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. दर पायरीला मी डाव पुढे करी. त्या वाकत, वास घेत आणि म्हणत, ‘ठीक.’ आल्यानंतर म्हणाल्या, ‘छान.’ तिळाच्या तेलाच्या बाटलीला मात्र, ‘हे खवट झालंय, बाबा. टाका.’

नोव्हेंबरानंतर या घरात तो शब्द प्रथमच उच्चारला गेला. मी बाटली टाकली.

फ्रिजमधले अकराही डबे त्यांनीच पाहिले. सात गेले. चार राहिले. मी तांबड्या पेन्सिलीने त्या चारांवर तारखा लिहिल्या.

हिने सहा चमचे पेज घेतली. हिला माझ्या नाकाचे अजून सांगितलेले नाही. उद्या.

शुक्रवार, ३० जानेवारी

सांगितले. ती म्हणाली, ‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘तुमच्या भाच्याच्या लग्नापासून. डांबराच्या गोळ्यांतला स्वेटर घातलात आणि जाताना-येताना वासाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी टॅक्सीतच समजले.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.’

मग मी त्या सोमवारचे विचारले. ती म्हणाली, ‘डबा विसळायला घेतला आणि वास आला. तोवर तुम्ही वाढून बसला होता. मुलगा तर अर्धं खाऊन मोकळा.’

‘अगं, सांडायचं होतंस.’

‘सांडलं असतं तर तुम्ही पातेल्यातलं पुन्हा वाढलं असतं. आणि सगळ्यांदेखत काय सांगणार होते मी? म्हटलं, आपलं पोट दगड पचवतं.’

दुरुस्त्या, तारखांनुसार:

२४ ऑक्टोबर, भाच्याचे लग्न: माझे नाक गेल्याचे उघड झाले. हिला.

२ नोव्हेंबर: तेच मला कळले. नऊ दिवस उशिरा.

२४ ऑक्टोबर ते १८ जानेवारी: ‘एकही निवाडा चुकला नाही’ हे वाक्य रद्द. तिने आज सांगितले: रोज सकाळी मी उठण्यापूर्वी ती डबे उघडून पाहत असे आणि टाकायचे ते टाकून देत असे. निवाडे तिचे.

१७ जानेवारी: कोंबडी भाजली. बदल नाही.

१९ जानेवारी: डबा सरळ माझ्या हाती आला. ‘चालेल’ मी म्हणालो.

१९ जानेवारी, तीच दुपार: ‘बायकोला एवढी भूक लागलेली’ हे शब्द गाळावेत. तिला भूक नव्हती.